विंडोज दर वेळी वेगळ्याच टक्क्याला अडकतंय? पेन ड्राइव्हला शिव्या देण्याआधी हे वाचा

"मामा, आज एकसष्टला अडकलं. काल चौतीसला होतं."

गेल्या पावसाळ्यात लालबागहून भाच्याचा हा फोन आठवड्यातून दोनदा तरी यायचा. पठ्ठ्याने पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने पीसी जोडला होता. रायझन ५ ५६००जी, बी५५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी. सगळा माल लॅमिंग्टन रोडवरचा. (त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाल्याला जमाना लोटला, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याला ते नाव सांगून बघा.) डिस्प्ले आला, बायोस (विंडोजच्या आधी उठणारा बोर्डाचा स्वतःचा सेटिंगचा पडदा) उघडलं, रॅम सोळा दाखवली, एसएसडी दिसली. सगळं आलबेल. पण विंडोज टाकणं काही शेवटापर्यंत जाईना. कधी चौतीस टक्के, कधी एकसष्ट, एकदा तर ब्याण्णवला जाऊन निळा पडदा. एरर कोडही दर वेळी निराळा. एकदा ०एक्स८००७०२५डी, दुसऱ्यांदा ०एक्स८००७०५७०, आणि निळ्या पडद्यावर 'मेमरी मॅनेजमेंट'.

पहिले दोन्ही कोड एकच रडगाणं गातात: फाइल करप्ट आहे किंवा सापडत नाही. हे वाचलं की कोणीही पेन ड्राइव्हलाच धरेल. मीही धरलं. दोन रविवार त्यात घालवले, त्यातला एक मेगाब्लॉकचा. विक्रोळीहून करी रोडला पोचेपर्यंत एवढा वेळ गेला की तेवढ्यात तीन वेळा विंडोज टाकून झालं असतं. तीन पेन ड्राइव्ह बदलले, आयएसओ, म्हणजे विंडोज इन्स्टॉल करायची अख्खी फाइल, दोनदा नव्याने उतरवली. फरक शून्य.

चूक माझी होती. पहिल्याच फोनवर त्याने मला उत्तर सांगून टाकलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. आज एकसष्ट, काल चौतीस.

इन्स्टॉलेशन अडलं की मी आता एरर कोड शोधायच्या आधी एकच विचारतो: दर वेळी त्याच ठिकाणी अडतं की जागा बदलते? त्यासाठी काही न बदलता, त्याच पेन ड्राइव्हने, त्याच पोर्टवरून लागोपाठ तीनदा प्रयत्न करायचा आणि टक्का कागदावर लिहून ठेवायचा. कंटाळवाणं काम आहे, पण दोन रविवारांपेक्षा स्वस्त. तिन्ही वेळा गाडी त्याच टक्क्याला थांबली, तर मूळ मालात खोट आहे, म्हणजे आयएसओ किंवा पेन ड्राइव्ह. खराब झालेली फाइल दर वेळी तिथेच लागणार. टक्के उड्या मारत असतील तर फाइल बिचारी ठीक आहे, ती वाचणारं यंत्र गडबड करतंय. आणि नव्या जोडलेल्या पीसीत असं गडबडणारं यंत्र बहुतेक वेळा रॅम निघते.

रॅमच का, हे नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कोणी "रॅम तर सोळा दाखवतेय ना!" म्हणून गप्प करू शकणार नाही. पेन ड्राइव्हवरून सेटअप सुरू होतो तेव्हा आधी एक छोटं विंडोज अख्खंच्या अख्खं रॅममध्ये चढतं. सेटअपमध्ये जो 'एक्स' ड्राइव्ह दिसतो तो कुठल्याही डिस्कवर नसतो, रॅममध्येच असतो. मग मोठी फाइल, जिच्यात सगळं विंडोज दाबून बसवलेलं असतं, ती तुकड्यातुकड्याने रॅममध्ये येते, तिथे उलगडते, तपासली जाते आणि मग एसएसडीवर उतरते. मध्ये एक बिट जरी उलटा पडला, तरी तपासणीत हिशोब जुळत नाही. सेटअपला बिचाऱ्याला काय कळणार चूक कुणाची? तो म्हणतो फाइल करप्ट आहे. बायोसमध्ये 'सोळा जीबी' दिसणं म्हणजे दारावरच्या पाटीवर नाव असणं. आत माणूस शुद्धीवर आहे की नाही ते पाटी सांगत नाही.

तर टक्के बदलत असतील तर पहिल्यांदा बायोसमध्ये जा आणि एक्सएमपी, म्हणजे रॅमला खोक्यावरच्या वाढीव वेगावर पळवणारी सेटिंग, बंद करा. एएमडी बोर्डांवर याला कुठे डीओसीपी म्हणतात, डीडीआर५ वर एक्स्पो. खोक्यावर ३६०० छापलंय म्हणून जोडल्या जोडल्या ते चालू करायची सगळ्यांना घाई असते. भाच्यानेही केलं होतं. पण ५६००जी हा प्रोसेसर अधिकृतपणे डीडीआर४ ३२०० पर्यंतच जबाबदारी घेतो. त्यावरचं सगळं ओव्हरक्लॉकिंग, चाललं तर चाललं. विंडोज टाकताना तरी रॅम तिच्या साध्या वेगावर असू द्या. वेग काय, नंतरही वाढवता येतो.

एवढ्यावर सुटलं तर उत्तमच. तरी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवाच. वेगळ्या पेन ड्राइव्हवर टाकायचा, त्यावरून बूट करायचं आणि सोडून द्यायचं. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात. रात्री लावून झोपा. एकही एरर आली तर रॅम नापास. "दोनच तर आल्यात" हा युक्तिवाद इथे चालत नाही. भाच्याकडे मी तिसऱ्या रविवारी हे केलं. ताईने चहा आणून ठेवला, तो निवायच्या आत स्क्रीनवर लाल ओळी उतरायला लागल्या. ताईने विचारलं, "हे चांगलं की वाईट?" मला इतका आनंद झाला होता की मी चांगलं म्हणून टाकलं.

मग कॅबिनेट आडवं केलं, बाजूचं झाकण काढलं. वीज बंद, मागची वायर काढली, पॉवरचं बटण दाबून उरलासुरला करंट जाऊ दिला. चाळीतलं जुनं वायरिंग, अर्थिंगचा पत्ता नाही. कॅबिनेटला उघडा हात लागला की झिणझिण्या यायच्या, त्यामुळे वायर काढण्यावर माझा जरा जास्तच कटाक्ष होता. (हे तुमच्याकडेही होत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. इन्स्टॉलेशनशी याचा थेट संबंध नसेलही, तुमच्याशी आहे.) दोन्ही रॅम काढल्या. सोनेरी पट्टीवर बोट फिरवलं तर चिकट. लालबागचा ऑगस्ट, गॅलरीचं दार दिवसभर उघडं, हवेत समुद्राचा ओलावा. शाळेचा साधा पांढरा खोडरबर घेऊन पट्टी दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने पुसली, भुगा ब्रशने झटकला. नवी रॅम असली तरी मुंबईत हे करून बघण्यात पैसा जात नाही.

आता एकेक रॅम. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजत दुसरा स्लॉट. एकच रॅम लावली, टेस्ट केली, पास. ती काढली, त्याच स्लॉटमध्ये दुसरी लावली, तीही पास. दोन्ही एकत्र, दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, ३६०० वर: पुन्हा लाल ओळी. एक्सएमपी बंद केलं, साध्या वेगावर, दोन्ही एकत्र: सगळ्या फेऱ्या पास. म्हणजे दोन्ही रॅम धडधाकट, पण एकत्र नांदेनात. स्टिकर जवळ धरून वाचले तेव्हा उलगडा झाला. ब्रँड तोच, वेग तोच, पण पार्ट नंबरची शेवटची अक्षरं निराळी. दुकानदाराने जोडीचा किट द्यायच्या ऐवजी दोन सुट्या रॅम दिल्या होत्या. किटमधल्या दोन रॅम कंपनीने एकत्र तपासलेल्या असतात. सुट्या दोन घेतल्या तर आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात, आणि वरच्या वेगाला भांडण तिथेच लागतं. दुकानदाराला दोष देत नाही, आम्हीच बिलावर 'किट' लिहून घेतलं नव्हतं. तुम्ही घ्या.

त्या दुपारी साध्या वेगावर विंडोज एका दमात बसलं.

एकेक रॅम तपासताना एक दर वेळी नापास आणि दुसरी दर वेळी पास झाली, तर प्रकरण सोपं आहे, बदलून आणा. दोन्ही एकाच स्लॉटमध्ये नापास आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये पास, तर बोर्ड किंवा प्रोसेसरचं बसणं तपासा. कूलर एका बाजूने जास्त आवळला की असं होताना मी पाहिलंय. स्क्रू कर्णाच्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे, कॅरमच्या बोर्डाला पाय बसवतो तसे. आणि रॅम निर्दोष सुटली तरी टक्के उड्या मारतायत, शिवाय मशीन एररशिवाय झपकन बंदच होतंय, तर बायोसमध्ये प्रोसेसरचं तापमान बघा. कूलरच्या तळाचं प्लॅस्टिक सोलायचं राहिलेलं मी दोनदा पाहिलंय. एकदा माझंच होतं.

टक्का दर वेळी तोच असेल, तर आता खुशाल पेन ड्राइव्हच्या मागे लागा. आयएसओ उतरवली असेल तिथे कंपनीने एसएचए२५६ चा आकडा (फाइलच्या बोटांच्या ठशासारखा) दिलेला असतो. पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही कमांड त्या फाइलवर चालवायची आणि पूर्ण आकडा जुळवायचा. नुसती पहिली चार अक्षरं जुळली म्हणून पुढे जाऊ नका. आकडा बरोबर आला तर पेन ड्राइव्ह संशयित. फुटपाथवर स्वस्तात मिळणाऱ्या पेन ड्राइव्हचा किस्सा मुंबईकराला वेगळा सांगायला नको. वर ६४ जीबी छापलेलं, आत निम्मंही नाही. विंडोजला तो ६४ दाखवतो, लिहिताना कुरकुरही करत नाही, खरी जागा संपली की पुढचं सगळं हवेत. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्रॅम अख्खा पेन ड्राइव्ह भरून, परत वाचून खरं काय ते सांगतो. मोठ्या ड्राइव्हला तासन् तास लागतात, लागू द्या.

फाइली हाताने ओढून पेन ड्राइव्हवर टाकणारे अजून भेटतात. फॅट३२ या पेन ड्राइव्हच्या फॉरमॅटवर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे, आणि आयएसओमधली इन्स्टॉल.विम (सगळं विंडोज दाबून बसवलेली तीच मोठी फाइल) बहुधा त्याहून मोठी असते. मग लोक पेन ड्राइव्ह एनटीएफएस करतात, तर कित्येक बोर्ड त्यावरून बूटच होत नाहीत. मीडिया क्रिएशन टूल किंवा रुफस वापरा, ही भानगड ती आपणहून निस्तरतात. पेन ड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा. आणि तो कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावू नका. पुढच्या पोर्टाची वायर आतून लोंबत येते, तिचा भरवसा नाही. मागे बोर्डालाच असलेल्या पोर्टला लावा. 'मीडिया ड्रायव्हर मिसिंग' असं काही म्हणत सेटअप सुरुवातीलाच अडला तर ड्रायव्हर शोधत बसण्याआधी नुसता पोर्ट बदलून बघा. अर्ध्या वेळा तेवढ्याने काम होतं.

आता टक्क्यांपर्यंत गाडी जातच नाही, अशी गाऱ्हाणी. ही पटापट सांगतो.

पडदा काळाच, तर आधी एचडीएमआय कुठे लावलीय ते बघा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो त्यात ग्राफिक्स नसतं, बोर्डावरच्या एचडीएमआयला त्यात काही अर्थ नाही. वायर ग्राफिक्स कार्डाला लावायची. डीडीआर५ वाला नवा एएम५ बोर्ड असेल तर पहिल्या वेळी रॅमशी जुळवून घेण्यात काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. तेवढा वेळ बटणाला हात लावू नका. घाईघाईने बंद केलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू.

सेटअप सुरू झाला पण डिस्कच दिसत नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या मशीनवर बायोसमध्ये व्हीएमडी नावाचं एक बटण असतं. ते चालू असेल तर विंडोजच्या सेटअपला एसएसडी दिसत नाही. घरच्या मशीनला एकच एसएसडी असेल तर ते इन्स्टॉल करण्याआधी बंद करून टाका. आधीच विंडोज बसलेल्या मशीनवर मात्र ते उगाच इकडेतिकडे करू नका, बूट होणं बंद पडेल. बंद करायचं नसेल तर इंटेलच्या रॅपिड स्टोरेज ड्रायव्हरचं फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकून 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवायचं. बायोसलाही एसएसडी दिसत नसेल तर गोष्ट निराळी. एम.२ च्या आकाराची एसएसडी साटा प्रकारचीही असते आणि एनव्हीएमई प्रकारचीही. सगळे स्लॉट दोन्ही घेत नाहीत. बोर्डाच्या पुस्तिकेत ते तक्त्यात दिलेलं असतं. तीच पुस्तिका, जी खोक्यासकट माळ्यावर गेलीय.

डिस्क दिसते, पण 'एमबीआर पार्टिशन टेबल' म्हणून विंडोज बसायला नकार देतं. तुम्ही यूईएफआयमधून, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसमधून बूट केलंय आणि डिस्क जुन्या पद्धतीची, एमबीआर आहे. त्या डिस्कवर ठेवण्यासारखं काही नसेल, तर तिची सगळी पार्टिशन उडवायची आणि उरलेली रिकामी जागा निवडून पुढे जायचं. सेटअप स्वतःच तिला जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीची करून घेतो. तरी हटून बसला तर शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडायची, डिस्कपार्टमध्ये जाऊन डिस्क निवडायची, क्लीन, मग कन्व्हर्ट जीपीटी. क्लीन केल्यावर 'खात्री आहे का' असं कोणी विचारत नाही. डिस्क नंबरावरून निवडायची नाही, आकारावरून ओळखायची. खरं तर बाकीच्या डिस्कच्या वायरी त्या दिवसापुरत्या काढूनच ठेवा. आईवडिलांच्या लग्नाची कॅसेटवरून उतरवलेली फाइल उडवल्यावर घरात काय होतं ते मी पाहिलंय. वायरी काढण्याचा आणखी एक फायदा: दोन डिस्क असताना विंडोज एकीवर आणि बूटची फाइल दुसरीवर जाऊन बसते, मग वर्षभराने दुसरी डिस्क काढली की मशीन मुकं.

विंडोज ११ 'हा पीसी चालणार नाही' म्हणतं. मशीन नवं असेल तर टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) त्यात असतंच, नुसतं बंद असतं. एएमडीवर एफटीपीएम, इंटेलवर पीटीटी, ते बायोसमध्ये चालू करा, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करा, सिक्युअर बूट बघून घ्या. आता परत १० कडे वळण्यात राम नाही. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

फाइली उतरल्या, मशीन रीस्टार्ट झालं आणि पुन्हा पहिलाच पडदा, भाषा निवडा. घाबरू नका, ते परत पेन ड्राइव्हवरूनच उठलंय. पहिल्या रीस्टार्टला पेन ड्राइव्ह उपटा.

शेवटी नेटपाशी घोडं अडतं. बोर्ड नवा, त्याच्या लॅनचा किंवा वायफायचा ड्रायव्हर विंडोजकडे नाही, आणि विंडोज ११ होम नेटशिवाय पुढे सरकू देत नाही. अँड्रॉइड फोन केबलने मागच्या पोर्टला जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक फोन विंडोज लगेच ओळखतं. नेट मिळालं की बाकीचे ड्रायव्हर येतातच. भाच्याकडे हेच करावं लागलं, ताईच्या फोनवरून. तिचा दिवसाचा दीड जीबीचा डेटा अपडेटने वीस मिनिटांत गिळला आणि संध्याकाळची मालिका बुडाली, ते मला अजून ऐकवलं जातं.

कोणाला विंडोजच्या शेजारी उबुंटू हे लिनक्सही टाकायचं असेल तर एक सांगून ठेवतो. दोन्हींपैकी एकात घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढेमागे दिसेल. बोर्डाची बॅटरी त्यासाठी बदलू नका. लिनक्स बोर्डाच्या घड्याळाला ग्रीनिचची वेळ समजतो, विंडोज भारतातली, एवढाच तो घोळ. लिनक्सला स्थानिक वेळ मानायला सांगितलं की मिटतो. उबुंटूच्या पेन ड्राइव्हचा आणखी एक उपयोग आहे. विंडोज उड्या मारत अडतंय आणि उबुंटूही नुसतं 'ट्राय' करताना भलत्याच ठिकाणी गोठतंय, तर मायक्रोसॉफ्टला सोडा आणि स्क्रूड्रायव्हर घ्या.

भाच्याच्या मशीनचं पुढे असं झालं. दुकानदाराने चौथ्या दिवशी दोन्ही रॅम परत घेऊन सीलबंद किट दिला, वर फरकाचे पैसे घेतले. मी एक्सएमपी चालू करून रात्रभर मेमटेस्ट लावायला सांगितला. सकाळी फोन आला.

"मामा, चार फेऱ्या, शून्य एरर. आता ३८०० करून बघू?"